ढोलकीचा तिसरा हात

दर गुरुवारी दुपारी चार वाजता अनंता ढोलकी वाजवायचा. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. नवल एवढंच, की अनंताला जाऊन पावणेदोन वर्षं होत आली होती.

अंधेरीच्या पश्चिमेला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका छोट्या कोळीवाड्यात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष बोटी नांगरून आले होते. बाजारात बसणाऱ्या बायका टोपल्या उपड्या टाकून तशाच हातांनी आल्या होत्या. सगळी गर्दी अनंताच्या पडवीत आणि पडवीत न मावलेली गल्लीत. पडवीच्या मधोमध चौरंग, चौरंगावर जमिनीपर्यंत लोळणारं लाल कापड, आणि त्यावर अनंताची ढोलकी. ढोलकी आडवी नव्हती, चांगली उभी केलेली होती. वर आलेल्या कातड्याच्या पुडीवर हळद लावलेले तांदूळ पसरले होते.

"ढोलकी आडवी म्हणजे निजलेली, उभी म्हणजे जागी!" चौरंगामागे बसलेले नादबाबा सांगत होते. भगवी लुंगी, गळ्यात रुद्राक्ष आणि त्यात मधोमध एक पितळी घुंगरू. "नाद हेच ब्रह्म, ब्रह्म हाच नाद, आणि या दोघांच्या मध्ये जो गप्प बसतो तोच भक्त!"

याचा अर्थ काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारा गप्प बसलेला नसे, आणि मग तो भक्त राहत नसे.

दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला सहदेव मनातल्या मनात चरफडत होता. तो या वस्तीतला नव्हता. मूळचा मालवणकडचा, गिरणीत लूम चालवणारा. संपात गिरणी बुडाली तेव्हा भजनात शिकलेली ढोलकी त्याच्या उपयोगाला आली. हळदीच्या मांडवात बँजो पार्टीत वाजवताना त्याची अनंताशी गाठ पडली, आणि दोघांचं असं जमलं की अनंताची बायको मंजुळा त्याला भावजी म्हणायला लागली.

सहदेव आज ढोलकी ऐकायला आला नव्हता. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला निरोप धाडला होता: अनंताची मुलगी शकु तीन आठवडे औषधाला आलेली नाही. अकरा वर्षांच्या शकुच्या छातीत क्षय होता. सहदेवनेच तिला दवाखान्यात नेलं होतं. पाच महिने गोळ्या नेमाने चालल्या, पोर अंगाने भरायला लागली, आणि आता हे. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, औषध अर्ध्यावर सोडलं की हा आजार दुप्पट जोराने परततो आणि मग त्याच गोळ्या लागू पडत नाहीत. हे सहदेवला कोणी सांगायची गरज नव्हती. अनंता असाच गेला होता. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडून समुद्रावर गेला, आणि सहा महिन्यांत आटोपला.

नादबाबांनी घंटी तीनदा वाजवली. गर्दी चिडीचूप झाली.

आणि ढोलकी वाजायला लागली.

कोणी हात लावला नव्हता. पुडीवरचे तांदूळ थाप पडेल तसे उडत होते. आधी हलका ठेका, मग भरणा, मग डाव्या अंगाचा तो खोल घुमारा. हळदीत बायका नाचायला उठायच्या तो अनंताचा ठेका. बोटीच्या दोरात सापडून अनंताच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलं होतं. त्यामुळे दर चौथ्या आवर्तनाला त्याची डावी थाप जराशी अडखळून, किंचित उशिरा यायची. ती तशीच उशिरा आली. मोकळ्या जागी ढोलकीच्या लाकडी खोडावर तांब्याची अंगठी आपटायची त्याची सवय होती. ती टकटकही आली.

"तोच हात! तोच माजा गडी!" बँजोवाला हरेश्वर, वस्तीतला वडीलधारा माणूस, ढसाढसा रडायला लागला. मंजुळा डोळे मिटून बसली होती. तिच्या उजव्या हातात अनंताची तीच तांब्याची अंगठी होती.

खोटं कशाला सांगा, सहदेवच्याही अंगावर काटा आला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. घटकाभर त्याला वाटलं, असेलही. माणूस इतका वाजवायचा, असा एकदम संपतो का?

मग चोविसावं आवर्तन आलं. त्यात एका जागी डावी थाप, उजवी थाप आणि खोडावरची टक, तिन्ही एका क्षणी पडल्या. बाकीच्यांना ती फक्त एक जोरकस थाप वाटली. सहदेवचे कान मात्र तापले, कारण ती चूक त्याची स्वतःची होती.

त्याचं झालं होतं असं. गोरेगावच्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत वाजवायला जाणाऱ्या सहदेवला एक दिवस मालकाने नवं मशीन दाखवलं होतं. त्यात कुठल्याही वाद्याची एकेक थाप टिपून ठेवायची, आणि मग बटणं दाबून कुठली थाप केव्हा, किती जोरात पडावी हे लिहून द्यायचं. मशीन ते इमानाने वाजवणार, तेही चहा न मागता. चार ढोलकीवाले घरी बसले. मशीन चालवायला एक ताल समजणारा माणूस हवा होता, म्हणून सहदेव तेवढा उरला. ज्याने पोट मारलं त्याच्याच समोर बसून पोट भरायचं, याचा त्याला रोज संताप यायचा.

त्यातून ते मशीन वाजवायचं अगदी घड्याळासारखं. सगळ्या थापा मोजून मापून, सगळ्या एकाच जोराच्या. माणूस असा वाजवत नाही. सहदेव हट्टाला पेटला. अनंता तेव्हा आजारी होता, पण बसू शकत होता. त्याला टॅक्सीत घालून स्टुडिओत नेलं आणि त्याच्याकडून एकेक थाप वाजवून घेतली. हलकी, भारी, मधली, खोडावरची टक. अनंता हसत म्हणाला होता, "घे बाबा, माजा हात डब्यात भरून ठेव."

अनंता गेल्यावर चार महिने सहदेव त्या थापा मांडत बसला. ही थाप केसभर पुढे, ती केसभर मागे. सम जोरात, नंतरची थकल्यासारखी हलकी. अर्ध्या बोटाचं अडखळणंसुद्धा त्याने जागच्या जागी बसवलं. शेवटी कॅसेट भरून ऐकली तेव्हा तो स्वतःच दचकला. फक्त चोविसाव्या आवर्तनात त्याने घाईत एकाच मात्रेच्या घरात तीन थापा टाकल्या होत्या. मशीनला त्याचं काय? त्याला हात मोजायचे नसतात. कॅसेटच्या वेष्टनावर 'चूक काढणे' असं लिहून त्याने ती फळीवर ठेवली, आणि आठवड्याने पाहतो तर कॅसेट गायब. तेव्हा स्टुडिओत कॅसेटी उतरवून द्यायला राजाराम नावाचा माणूस होता. तोही पाठोपाठ काम सोडून गेला.

तोच राजाराम आता नादबाबांचा मौनी शिष्य होऊन, कपाळभर भस्म फासून, मागच्या खोलीच्या पडद्याशी बसला होता. सहदेवशी नजरानजर होताच तो पडद्याआड सरकला.

"बंद करा हे!" सहदेव ओरडला. "ही माझी कॅसेट आहे! मशीनवर मी बनवलीय!"

ढोलकी थांबली. सगळ्यांनी वळून पाहिलं. नादबाबा अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि कनवाळू आवाजात म्हणाले, "याच्या पोटात दुखतंय. मित्र मेला तरी मित्राची कला मरेना, हे याला बघवत नाही."

"अरे, कला कसली? स्पीकर आहे कुठेतरी! वहिनी, तो पडद्यामागचा राजाराम..."

"सहदेव," हरेश्वर कष्टाने म्हणाला, "तू आपला मानूस हायस म्हनून गप ऱ्हातो. मशीनचं बोट तुटलेलं असतं क रं? ती उशिराची थाप आयकलीस ना तू?"

"ती मीच घातलीय!"

"तू घातलीस? अनंताचं तुटकं बोट तू घातलंस?"

लोक हसले. सहदेवचं डोकं सणकलं, आणि डोकं सणकलं की त्याच्या तोंडून मालवणीच बाहेर पडायची. "अरे मेल्यांनु, माका आयका तरी!" पण तोवर दोघांनी त्याला दंडाला धरून गल्लीत आणलं होतं.

मंजुळा मागोमाग बाहेर आली. "भावजी, चौदा वरसं त्या हाताबरोबर संसार केलाय मी. तो हात मी वलखनार नाय?"

"हात त्याचाच आहे गं वहिनी, पण वाजवतोय तो नाही! आणि शकुच्या गोळ्या का थांबवल्यास?"

ती खाली बघायला लागली. "बाबा म्हनतात, घरात इंग्रजी औषधाचा वास असला तर तो ढोलकीत टिकनार नाय. सात गुरुवार गोळ्या बंद ठेवा, तो पोरीचा आजार वडून घेईल. चार झाले. तीनच ऱ्हायले."

"तीन गुरुवारात पोर हातची जाईल!"

"आनि गोळी दिली नि तो निघून गेला मंजे?" मंजुळाचा आवाज चिरकला. "तो एकदा गेलाय भावजी. मी त्याला परत घालवू?"

सहदेवला राग बाबाचा आला होता, वस्तीचा आला होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला होता. वाईट काम केलं असतं तर ही वेळ आली नसती. चार महिने घासून घासून त्याने ते इतकं खरं केलं होतं, की आता खरं सांगितलं तर खोटं वाटत होतं.

पुढचा आठवडा त्याने नुसता वणवण करण्यात घालवला. स्टुडिओत जाऊन मशीन एक दिवस उसनं मागितलं. मालक म्हणाला, "वेडा झालास काय? पावसाळी हवेत खाडीवर नेतोस?" बरं, मशीनमध्ये तरी तो ठेका असावा, तर जागा कमी पडली म्हणून कोणीतरी तो पुसून त्यावर साबणाच्या जाहिरातीचा ताल भरला होता. सहदेवने कपाळावर हात मारून घेतला.

मग त्याने वहीच्या कागदावर सोळा सोळा घरांच्या ओळी आखल्या, थापा मांडल्या आणि हरेश्वरच्या घरी जाऊन बसला. हरेश्वरने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "हे चौकटीचं काय दाखवतोस? ह्यात अनंता मावल क?"

"नाही मावणार काका, तेच सांगतोय."

"मंग झालं तर. चा घे."

चौकीवर गेला, तर हवालदार म्हणाला, "ढोलकी आपोआप वाजते ही तुमची तक्रार आहे, की ती चांगली वाजते ही?" सहदेव तिथून उठून आला. सांगून भागत नव्हतं, कागदाने भागत नव्हतं, भांडून तर नव्हतंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी दिंडोशीच्या खोलीत त्याने आपली ढोलकी मांडीवर घेतली आणि उगाच तोच ठेका धरला. हात आपोआप जात होते. चार महिने थाप थाप मोजून मांडलेली. ती त्याला झोपेतही पाठ होती. चोविसावं आवर्तन आलं आणि हात थबकले. डावा डाव्या पुडीवर होता, उजवा उजव्या पुडीवर. खोडावर टक करायला कोण? त्याने पुन्हा करून पाहिलं. मग तो बराच वेळ आपल्या दोन हातांकडे बघत बसला, आणि ढोलकी पिशवीत घालून निघाला.

त्या दुपारी गर्दी दुप्पट होती. शकु भिंतीशी बसली होती, गालफडं आत गेलेली. खोकला आला की रुमाल तोंडाला लावत होती आणि लगेच मुठीत लपवत होती. सहदेवने तरी पाहिलं. रुमालावर तांबडा ठिपका होता.

तो ढोलकी घेऊन सरळ पुढे आला. "बाबा, मी चुकलो. आज मला अनंताबरोबर वाजवायचंय."

नादबाबांनी घाईने हात वर केला. "नाही! नादात नाद मिसळला तर नाद बाटतो!"

पण इथे बाबांचं गणित चुकलं. ते बाहेरचे होते. या वस्तीत हळदीच्या मांडवात जो ढोलकी घेऊन येईल त्याला बसायला जागा द्यायची, ही जुनी रीत होती. दारूच्या नशेत आलेल्यालाही अनंताने कधी ऊठ म्हटलं नव्हतं.

"अनंता नाय म्हननार नाय," हरेश्वर म्हणाला. "बसू द्या त्याला." मागून चारपाच जणांनी माना डोलावल्या. बाबांना घंटी वाजवावीच लागली.

ठेका सुरू झाला. सहदेवने डोळे मिटले आणि सोबत धरली. थापेवर थाप. भरण्यावर भरणा. अडखळलेली थाप आली तिथे तोही तसाच अडखळला, केसाचा फरक नाही. दोन ढोलक्यांतून एकच आवाज येत होता. सहदेवने डोळे उघडून आशेने गर्दीकडे पाहिलं. आता तरी कळलं असेल यांना, की पुढची थाप कुठली हे मला आधी ठाऊक आहे!

"आला!" कोणीतरी किंचाळलं. "अनंता सहदेवच्या अंगात आला!"

एका म्हातारीने पुढे होऊन सहदेवच्या पायावर डोकं ठेवलं. नादबाबांचा चेहरा उजळला. "पाहा! निंदकाच्याही अंगात संचार! नादाची लीला!"

सहदेवला वाटलं, आपलंच डोकं भिंतीवर आपटावं. पण त्याने दात आवळले आणि तो वाजवत राहिला. एकोणीस. वीस. एकवीस.

"अंगात बिंगात काही आलेलं नाही!" वाजवता वाजवता तो ओरडला. "शकु, पुढे ये! तुझ्या बाबाने तुला ढोलकीवर हात ठेवायला शिकवलंय ना? माझ्या हातांकडे बघ. बावीस! तेवीस! आता बघ..."

चोविसाव्याला त्याने दोन्ही हात उचलून हवेत धरले. चौरंगावरून ती जोरकस थाप आली, आणि ठेका पुढे चालू राहिला.

"ही मला वाजवता येत नाही," सहदेव म्हणाला. "कोणालाच येणार नाही. तू वाजवून दाखव. हीच थाप पुन्हा येईल, कारण कॅसेटवर तोच तुकडा परत परत भरलाय. डावी, उजवी आणि खोडावर टक, तिन्ही एकदम."

बाबा मोठमोठ्याने मंत्र म्हणायला लागले, पण शकु पुढे आली होती. बापाच्या मांडीवर शिकलेली पोर. तिने सहदेवची ढोलकी मांडीवर आडवी घेतली. पडवीत फक्त चौरंगावरचा ठेका ऐकू येत होता. सहदेव एकेक आवर्तन मोजत होता. चोविसावं आलं, शकुने डाव्या हाताने डावी पुडी मारली, उजव्याने उजवी. टक राहिली.

"चुकलं," ती म्हणाली आणि पुढच्या खेपेची वाट पाहत बसली. मध्येच खोकली. गर्दीतल्या बायका आता तिच्या हातांकडे बघायला लागल्या होत्या. पुन्हा चोविसावं आलं. या वेळी तिने डावी पुडी सोडून खोडावर हात मारला, तर डाव्याचा घुमारा राहिला.

शकु गोंधळून आईकडे वळली. "आये, माजे हात कमी पडतान. तू ये. अंगठी तुज्याकडंच हाय ना?"

मंजुळा उठली. का उठली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती लेकीजवळ बसली आणि अंगठीचं बोट तिने खोडाजवळ नेलं. सहदेव हलक्या आवाजात मोजत होता. बावीस. तेवीस. शकुचे दोन हात, मंजुळाचं एक बोट. आणि चोविसाव्याला तिन्ही एकदम पडले.

चौरंगावरून आलेली थाप आणि मायलेकींची थाप नेमकी एक होती.

मंजुळा आपल्या बोटातल्या अंगठीकडे बघत राहिली. मग तिने लेकीचे दोन हात पाहिले.

"माज्या नवऱ्याला," ती शेवटी म्हणाली, "हातच दोन होते. त्यातलं एक बोट अर्धं."

ती उठून चौरंगाशी गेली.

"हात लावू नकोस बाई! भस्म होशील!" नादबाबा ओरडले.

"माज्या घरची ढोलकी हाय," मंजुळा म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी ढोलकी उचलून कुशीत घेतली. हळदीचे तांदूळ सांडले.

ठेका चालूच राहिला. ढोलकी तिच्या कुशीत गप्प होती, आणि ठेका रिकाम्या चौरंगातून, डब्यात कोंडल्यासारखा, खणखणत येत होता. लाल कापडाला मधोमध ताटलीएवढं भोक होतं आणि चौरंगाच्या फळीलाही.

"नाद देह सोडून मुक्त झाला! जय नादब्रह्म!" बाबा गरजले. अजूनही तिघाचौघांनी हात जोडले, म्हणजे बघा. पण आत राजाराम घाबरला होता. टेप थांबवायला गेला आणि घाईत त्याने भलतंच बटण दाबलं. अनंताची ढोलकी चिचुंद्रीसारखी चिरकायला लागली. गल्लीतली पोरं खो खो हसली. त्या हसण्याने पडवीतला सगळा दबदबा एका फटक्यात उतरला.

हरेश्वरने कापड ओढून काढलं. चौरंगाखाली तोंड वर करून ठेवलेला स्पीकर होता. त्याच्यावर डावी पुडी टेकवली की आतली हवा हलायची, वरची पुडी थरथरायची आणि तांदूळ उडायचे. ढोलकी उभी ठेवायचं कारण एवढंच. स्पीकरची वायर चटईखालून मागच्या खोलीत, टेपरेकॉर्डरपर्यंत गेली होती. टेपमधून कॅसेट निघाली, तिचं वेष्टन राजारामच्या पिशवीत सापडलं. त्यावर सहदेवच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'अनंताचा ठेका. चूक काढणे.'

हरेश्वरने ते दोनदा वाचलं. पोरांनी बाबाला आणि मौनी शिष्याला दारातच धरलं होतं. मौनी शिष्य तर आता थांबायचं नावच घेत नव्हता. "मला कायपन माहीत नाय, मला ह्यांनी सांगितलं," असं पोपटासारखं चाललं होतं. दोघांना चौकीवर नेण्यात आलं.

मंजुळाने ढोलकी खाली ठेवली नव्हती. ती सहदेवकडे वळली. आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "आनि तुमी? मेलेल्या मानसाचा हात त्या खोक्यात कशाला घातला?"

सहदेवने मान खाली घातली. "जिवंत होता तेव्हाच घेतला वहिनी. त्याने स्वतः दिला. मला वाटलं होतं, तेवढा तरी राहील. नंतर हट्टाने बसलो, मशीनला माणसासारखं करायचं म्हणून. ते कोणाच्या हाती लागलं तर काय होईल, हा विचारच केला नाही. ती चूक माझी."

"थापा खरंच त्याच्या?"

"एकेक थाप त्याचीच. ओळीत मी लावल्या. कॅसेट तुझ्याकडे ठेव, पाहिजे तेव्हा लाव. घरात गोळ्या असल्या म्हणून ती बंद पडणार नाही."

मंजुळा आत गेली. तिने गोळ्या फेकल्या नव्हत्या. तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवल्या होत्या. गोळ्यांची पुडी आणि तांब्याभर पाणी घेऊन ती बाहेर आली. शकुने सगळ्या वस्तीसमोर गोळ्या गिळल्या आणि वाईट तोंड केलं.

"उद्या सकाळी दवाखान्यात," सहदेव म्हणाला. "मी येतो. चार आठवडे खंड पडलाय, बाईंना सगळं खरं सांगायचं. त्या ओरडतील, ओरडून घ्यायचं."

गर्दी अजून हलत नव्हती. लोकांना लाज वाटत होती, आणि थोडी चुटपुटही लागली होती. चमत्कार गेला की माणसाला घरचं कोणी गेल्यासारखं वाटतं. पायावर डोकं ठेवणारी म्हातारी सहदेवला म्हणाली, "आमाला कसं कळनार रं? आमी अडानी मानसं."

"अडाणी कशाच्या, मावशी?" सहदेवचा इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला. "पाण्याचा रंग बघून तुम्ही मासळी कुठे आहे ते सांगता. बाजारात शिळं पापलेट तुमच्या गळ्यात कोणी मारू शकत नाही, कल्ले उचलून बघता. मग बाबा आला की ती नजर कुठे जाते? मीसुद्धा रडलो त्या दिवशी. रडण्यात चूक नाही. आपलं माणूस परत यावंसं कोणाला वाटत नाही? पण कोणी त्या वाटण्याचा धंदा मांडला, पोरीचं औषध बंद करा म्हणाला, तर पापलेटासारखे त्याचेही कल्ले उचलून बघा. विचारा, ढोलकी उभी का? पडद्यामागे कोण? नमस्काराला पाच गुरुवार इतके वाकलात. अजून वीतभर वाकला असतात, तर चटईखालची वायर कपाळाला लागली असती."

हरेश्वरने वाकून चौरंगाखाली पाहिलं, मघाशीच पाहिलेलं असूनही. मग त्याने तो चौरंग उचलून पडवीबाहेर नेऊन ठेवला.

शकुने आईच्या कुशीतून बापाची ढोलकी घेतली. मांडीवर आडवी ठेवली आणि ठेका धरला. डावा हात जड, उजवा घाईचा, तिसऱ्याच आवर्तनाला ताल सुटला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मंजुळा तिच्या दोन हातांकडे बघत बसली.